शिक्षकेतरांनी शिकवलेले डॉक्टर

प्रति,
मा. अध्यक्ष,
राष्ट्रीय वैद्यकीय आयोग,
नवी दिल्ली.

महोदय,



ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्रावर लसीकरणाच्या दिवशी सकाळी एक छोटासा प्रसंग हमखास घडतो. फ्रीजरमधून काढलेले आईसपॅक टेबलावर ओळीने मांडलेले असतात. पोस्टिंगवर नुकताच आलेला इंटर्न ते उचलून लसवाहकात भरायला लागतो आणि सिस्टर त्याला थांबवतात. एक पॅक त्याच्या कानाशी नेऊन हलवतात. काही ऐकू येत नाही. मग थांबायचे. बर्फ कडेने सुटला, आत पाण्याची खळखळ ऐकू आली, की पॅक फडक्याने पुसायचे, लसवाहकाच्या चार भिंतींना चार उभे करायचे, आणि कुप्या पिशवीत घालून मधोमध ठेवायच्या. खळखळ व्हायच्या आत घाई केली, तर पेंटाव्हॅलंटची कुपी गोठते. गोठलेली लस पुन्हा वितळली की दिसायला बरी दिसते, पण कामातून गेलेली असते.

‘दोन ते आठ अंश सेल्सिअस’ हा आकडा त्या इंटर्नने परीक्षेत अनेकदा लिहिलेला आहे. त्या आकड्यासाठी कान लावावा लागतो, हे त्याला त्या सकाळी कळते. कुपीवरच्या वर्तुळातला चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तोवरच लस चालते. गोवर-रुबेलाची कुपी विरघळवली की तिच्यावर वेळ लिहायची आणि चार तासांनी उरलेली लस टाकायची. शीतपेटीच्या तळाला कुपी कधी टेकवायची नाही, टोपलीतच ठेवायची. हेही त्याच सकाळी, त्याच टेबलाशी कळते. वीज गेली तर झाकण उघडून ‘बघू तरी’ म्हणायचे नाही, हा धडा बहुधा थोडी बोलणी खाऊन मिळतो.

शिकवणाऱ्या त्या बाईंना सरकारी भाषेत आरोग्य सेविका म्हणतात. त्या जिल्हा परिषदेच्या नोकर. महाविद्यालयाने स्वतःची परिचारिका नेमलेली असेल, तर ती ‘शिक्षकेतर कर्मचारी’. हा शब्द मोठा मासलेवाईक आहे. माणूस काय करतो हे तो सांगत नाही. तो काय नाही, तेवढे सांगतो. वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रामीण केंद्रावर तर हा शब्द चक्क खोटा ठरतो. हे पत्र त्या खोटेपणाबद्दल आहे.

उदाहरणासाठी दूर जायला नको. वर्ध्यापासून आठ किलोमीटरवर सेवाग्राम आहे. गांधीजी १९३६ मध्ये तिथे राहायला गेले तेव्हा त्या गावाचे नाव शेगाव होते. आश्रमात तरुण डॉक्टर सुशीला नय्यर गावकऱ्यांना औषधपाणी करीत. त्यातून १९४० च्या दशकात कस्तुरबा रुग्णालय उभे राहिले. पुढे १९६२ ते १९६७ या काळात केंद्रीय आरोग्यमंत्री राहिलेल्या याच सुशीलाबेननी १९६९ मध्ये, गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, तिथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. खेड्यात वैद्यकीय महाविद्यालय चालवण्याचा देशातला तो पहिला प्रयोग. त्याच्या खर्चाची घडीही वेगळी : निम्मा भार केंद्राचा, पाव राज्याचा आणि पाव कस्तुरबा हेल्थ सोसायटीचा.

तिथे प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांच्या हाती शरीररचनाशास्त्राच्या पुस्तकाआधी झाडू येतो. पहिले पंधरा दिवस आश्रमात काढायचे, सूत कातायचे, श्रमदान आणि सफाई करायची, अंगावर खादी. पुढे प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, तिथे शिबिर करते, आणि त्या गावाशी शिक्षणाच्या पुढच्या वर्षांतही येणे-जाणे ठेवते. मुंबई-दिल्लीच्या मुलांना हे पहिल्या आठवड्यात नाटकी वाटत असेल, तर त्यात नवल नाही. पण त्या झाडूमागचा हिशेब पक्का होता. दवाखान्यात साफसफाई करणारा आणि तपासणारा यांच्यात जी भिंत असते, ती पुढे पडत नाही; ती उभीच राहू द्यायची नसेल तर पहिल्या पंधरवड्यातच काय ते करावे लागते.

याच संस्थेच्या डॉक्टरांनी आसपासच्या गावांत ज्वारीवर चालणारी आरोग्य विमा योजना उभी केली. सुगी झाली की प्रत्येक कुटुंबाने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची. जमीनवाल्याने जास्त, भूमिहीनाने कमी. त्या बदल्यात कस्तुरबा रुग्णालयात उपचाराची सवलत. सार्वजनिक आरोग्याच्या वर्गात ही योजना कौतुकाने सांगितली जाते, आणि ते कौतुक रास्तच आहे. तरीही ऐकताना एक प्रश्न मनात यावा : घरोघर जाऊन ती ज्वारी मोजायची कोणी? पोते कोणी उचलायचे, वहीत नाव कोणी घालायचे, आणि ‘औंदा पिकलंच नाही’ म्हणणाऱ्या घराला सवलत द्यायची की नाही, हे गावात राहून कोणी ठरवायचे? कल्पनेवर डॉक्टरांचे नाव असते. पोत्याची गाठ दुसऱ्याच कोणी मारलेली असते.

महोदय, आता जीपमध्ये बसू.

केंद्राची गाडी सकाळी निघते तेव्हा पुढच्या सीटवर सहायक प्राध्यापक असतात, मागे इंटर्न, आणि दिवसाचा कार्यक्रम खरे तर चालकमामांच्या डोक्यात असतो. आठवडी बाजार कोणत्या गावाला कोणत्या वारी. श्रावणात कोणत्या नाल्याला पूर आला की पलीकडची दोन गावे तुटतात. निंदणाच्या दिवसांत बाया किती वाजता वावरात जातात. कापूस वेचणी सुरू झाली की दिवेलागणीपर्यंत घरात फक्त म्हातारी आणि लेकरे असतात. संशोधनाची प्रश्नावली घेऊन सकाळी अकराला गावात पोचलेल्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला अनेक दारांना कुलपे दिसतात. तो आपल्या तक्त्यात ‘घर बंद’ लिहितो, आणि पुढे प्रबंधात त्याचे ‘प्रतिसाद न मिळालेली कुटुंबे’ होतात. मामांनी गाडी साडेसहाला काढली असती तर तो आकडा निम्म्याने खाली आला असता. संख्याशास्त्राच्या पुस्तकात याला कोणते नाव असेल ते असो. केंद्रावर त्याला ‘मामांना विचारलं नाही’ म्हणतात.

आयोगाच्या आधीच्या भारतीय वैद्यक परिषदेने या माणसांचे महत्त्व ओळखले होते, असे म्हणायला जागा आहे. ग्रामीण केंद्रासाठी तिने आखलेल्या पदांच्या यादीत डॉक्टरांच्या जोडीला सार्वजनिक आरोग्य परिचारिका, वैद्यकीय समाजसेवक, आरोग्य निरीक्षक, तंत्रज्ञ, भांडार सांभाळणारा नोंद-कारकून, शिपाई, सफाई कामगार आणि गाडीचालक, सगळे होते. त्याच्याही आधी, १९४६ च्या भोर समितीने प्रत्येक डॉक्टर ‘सामाजिक वैद्य’ व्हावा म्हणून तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाची शिफारस केली होती. १९७५ च्या श्रीवास्तव समितीनंतर, १९७७ मध्ये, वैद्यकीय शिक्षण खेड्याकडे वळवण्याची योजना आली आणि प्रत्येक महाविद्यालयाच्या गळ्यात तीन प्राथमिक आरोग्य केंद्रे घातली गेली. फिरत्या दवाखान्यांच्या गाड्याही दिल्या गेल्या. गाडी येते तेव्हा तिच्यासमोर नारळ फुटतो, छायाचित्र निघते. चालकाचे पद रिकामे होते तेव्हा यातले काहीच होत नाही; गाडी फक्त उभी राहते.

आता भाषेचे. विदर्भातल्या केंद्रावर येणाऱ्या इंटर्नमध्ये परराज्यातली मुले असतात, आणि पुण्या-मुंबईची मराठी मुलेही इथे पहिले काही दिवस परराज्यातलीच असतात. समोरची बाई म्हणते, हातपाय गळून येतात, डोकं घुमते, जीव घाबरा होते. केसपेपरवर ‘अशक्तपणा, चक्कर’ एवढेच उतरते आणि लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या जातात. मग केसपेपर घेऊन ती दाराशी येते, तिथल्या मावशी तिच्याशी दोन मिनिटे बोलतात, आणि आत येऊन डॉक्टरांच्या कानाशी सांगतात : हिच्या अंगावरून पांढरं जाते, तिने तुम्हाला सांगितलं नाही.

या दोन मिनिटांची किंमत वैद्यकशास्त्राला माहीत आहे. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग असल्याचे दिसले, आणि त्यापूर्वी त्यासाठी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या आठ टक्के. बाकीच्यांनी सांगितलेच नव्हते, किंवा सांगावे असे माणूस समोर आले नव्हते. केंद्राच्या दारातल्या मावशी ते माणूस असतात. दुभाष्याचा भत्ता त्यांना कोणी देत नाही. कामाच्या यादीत त्यांच्या नावापुढे ‘साफसफाई व इतर’ असते. हे सगळे त्या ‘इतर’मध्ये बसते.

साफसफाईचेही ऐकावे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी रंग ठरवून दिले : रक्ताने भिजलेला कापूस आणि पट्ट्या पिवळ्या पिशवीत, सलाइनच्या नळ्या आणि सुई काढलेली सिरिंज लाल पिशवीत, सुया आणि ब्लेड पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात, काच निळ्यात. इंटर्नला हे तोंडपाठ असते. ड्रेसिंगच्या घाईत मात्र सुई लाल पिशवीत जाते आणि संध्याकाळी ती मावशींच्या बोटात शिरते. म्हणून मावशी त्या घाईच्या वेळी मुद्दाम टेबलाजवळ उभ्या राहतात, आणि पांढरा डबा पायाने पुढे सरकवतात. काही बोलत नाहीत. डॉक्टरला बोलायचे कसे? ऑटोक्लेव्हमधून ड्रम निघाल्यावर पट्टीवरच्या रेघा काळ्या झाल्या आहेत का, हे बघायला शिकवणारे ब्रदरही असेच अर्धे शब्दांत, अर्धे खुणेने शिकवतात. पायरी सांभाळून शिकवण्याची ही एक वेगळीच अध्यापनपद्धत आहे. वैद्यकीय शिक्षकांसाठी आयोगाने मूलभूत प्रशिक्षणाचे अभ्यासक्रम सक्तीचे केले. त्यात हे कोणी शिकवत असेल असे वाटत नाही.

फवारणीच्या हंगामात हेच चित्र अंगावर येते. कापसाच्या पट्ट्यात पावसाळ्याच्या उत्तरार्धात विषबाधेचे रुग्ण येतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी आणि शेतमजूर फवारणीने दगावले, तेव्हा देशाचे लक्ष तिकडे गेले. रात्री बैलगाडीतून किंवा मोटारसायकलवर मध्ये बसवून कोणी आणले, की ॲट्रोपीनचा डोस आठवत बसलेल्या डॉक्टरच्या आधी शिपाई रुग्णाचे कपडे काढून साबणपाण्याने अंग धुवायला घेतो. विष कातडीतूनही आत जात असते, तेव्हा ही पाच मिनिटे औषधाइतकीच महत्त्वाची. पाठ्यपुस्तकात ‘विषाचा संपर्क थांबवा’ असे एक वाक्य असते. ते वाक्य रात्री दोन वाजता बादली घेऊन येते.

मेसचा उल्लेख केल्याशिवाय कोणत्याही इंटर्नची ग्रामीण पोस्टिंग पुरी होत नाही. तिथे राहायची सोय आणि जेवण असेल तर मुले राहतात. नसेल तर सकाळी शहरातून येतात, हजेरी लावतात आणि दुपारच्या एसटीने परततात. रात्रीची प्रसूती, पहाटेचा साप, संध्याकाळी दारूच्या नशेत पडलेला माणूस, यांतले काहीच त्यांना दिसत नाही. म्हणजे ग्रामीण वैद्यकाचा निम्मा अभ्यासक्रम वरण-भात-भाजीवर उभा आहे, असे म्हटले तर ती फारशी अतिशयोक्ती नाही. तो वरण-भात करणाऱ्या बाई कोणाच्या नोकरीत आहेत, आणि पावसाळ्यात मुले चारच उरली तर त्यांचा पगार चालू राहतो का, हे तपासणीला आलेल्या पथकाने विचारल्याचे फारसे ऐकिवात नाही.

आता आयोगाच्याच एका चांगल्या निर्णयाकडे येऊ. भारतीय वैद्यक परिषद जाऊन २५ सप्टेंबर २०२० रोजी आयोग आला, आणि लवकरच त्याने कुटुंब दत्तक कार्यक्रम आणला. पहिल्या वर्षापासून प्रत्येक विद्यार्थ्याने गावातली काही कुटुंबे दत्तक घ्यायची, त्यांच्या घरी जायचे, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासायचे, आजारपणात मार्ग दाखवायचा. कल्पना उत्तम, सेवाग्रामसारख्या ठिकाणी गाव दत्तक घेण्याची जी रीत पन्नास वर्षे मुरली, तिचीच ही धाकटी बहीण. पण शंभर-दीडशे विद्यार्थी एका गावात शिरतात, तेव्हा घर दाखवते कोण? ‘ह्या डॉक्टर व्हायच्या पोरी आहेत, यांना आत घ्या’ असे सासूला सांगते कोण? दर हजार लोकसंख्येमागे एक असलेली आशा कार्यकर्ती. तिला सरकार ‘स्वयंसेविका’ म्हणते, पगार नव्हे तर कामागणिक मोबदला देते, आणि विद्यार्थी फिरवण्याच्या कामाला मोबदल्याच्या तक्त्यात ओळ सापडत नाही. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा सन्मान केला. त्याच साली विद्यार्थ्यांच्या तुकड्या त्यांच्या मागे गावात फिरायला लागल्या. विद्यार्थी फिरवायच्या दिवशी आशाची बाळंतिणीची भेट पुढे ढकलली जाते. दवाखान्यात झालेल्या बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांत सहा भेटी असतात, आणि सगळ्या तिनेच करायच्या असतात.

खरे तर त्या भेटीलाच विद्यार्थ्याने तिच्याबरोबर जावे. बाळाला झोळीत घालून काट्यावर लावताना झोळीचे वजन आधी वजा करायचे असते. बाळाच्या पोटाला हात लावून मग तळपायाला लावायचा, पाय गार लागले तर बाळ गारठते आहे. याच प्रकारच्या, गावातल्या बायकांनी घरी जाऊन केलेल्या नवजात बाळांच्या काळजीने गडचिरोलीच्या ३९ गावांत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. ‘लॅन्सेट’मध्ये १९९९ साली आलेला हा निष्कर्ष पुढे देशाच्या धोरणात गेला. ती पद्धत आज ज्यांच्या हातात आहे, त्यांच्या हाताखाली भावी डॉक्टरांनी शिकायचे नाही, तर कोणाच्या?

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या जामखेडमध्ये ही शंका कधी आलीच नाही. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये तिथे काम सुरू केले, आणि गावागावातल्या कमी शिकलेल्या, अनेकदा दलित, अनेकदा नवऱ्याने टाकलेल्या बायकांना आरोग्य कार्यकर्त्या केले. देशोदेशीचे प्रशिक्षणार्थी तिथे येतात तेव्हा या बायका त्यांच्या वर्गात शिक्षक म्हणून उभ्या राहतात. समोर पदवीधर बसलेले असतात, आणि शिकवणारी चौथी पास असू शकते. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामाची वाखाणणी सगळे करतात. वर्गातली ती उलटी मांडणी मात्र महाविद्यालयांनी उचलली नाही.

यावर आयोगाकडून येणारे उत्तर अंदाजाने सांगता येते. देशात महाविद्यालये भराभर वाढत आहेत, शिक्षकच पुरे पडत नाहीत. त्यांच्यासाठी आधारशी जोडलेली हजेरी आणावी लागली. आता चालक आणि मावशी मोजत बसायचे का? शिवाय निकषात घातले की महाविद्यालये कागदावर दाखवतील, जसे आजवर तपासणीच्या दिवशी भाड्याचे डॉक्टर आणि भाड्याचे रुग्ण दाखवले. हा आक्षेप खोटा नाही. पण भाड्याचा प्राध्यापक एका दिवसासाठी विमानाने आणता येतो. कोणत्या नाल्याला पूर येतो हे माहीत असलेला चालक एका दिवसासाठी आणता येत नाही. दोन प्रश्नांत तो उघडा पडतो. म्हणजे केंद्र खरे आहे की देखावा, हे ओळखण्यासाठी आयोगाला याहून स्वस्त चाचणी मिळायची नाही.

तेव्हा मागणी मोठी नाही. ग्रामीण प्रशिक्षण केंद्राच्या निकषात परिचारिका, तंत्रज्ञ, चालक, स्वयंपाकी आणि सफाई कामगार यांची पदे नावानिशी असावीत, ती भरलेली असावीत आणि वर्षानुवर्षे त्याच माणसांनी भरलेली असावीत. दर अकरा महिन्यांनी ठेकेदार बदलून नवा चेहरा आला की सगळे ज्ञान पुन्हा शून्यावर येते. इंटर्नच्या लॉगबुकमध्ये शीतसाखळी, कचऱ्याचे वर्गीकरण, निर्जंतुकीकरण आणि नवजात बाळाची घरभेट यांपुढची सही हे काम रोज करणाऱ्या माणसाची असावी. प्राध्यापकांनी खाली प्रतिस्वाक्षरी करावी, त्यात त्यांचे काही कमी होत नाही. आणि कुटुंब दत्तक कार्यक्रमासाठी आशांना दर भेटीमागे मानधन द्यायचे महाविद्यालयावर बंधनकारक करावे. विद्यार्थ्याच्या शुल्काच्या मानाने ती रक्कम किरकोळ असेल.

राहता राहिली तपासणी. पुढच्या वेळी पथकाने दहा वाजता हार-तुऱ्यांना न येता सकाळी साडेसातला केंद्रावर यावे, आणि डॉक्टरांच्या खोलीत न बसता शीतपेटीजवळ उभे राहावे. तापमानाची नोंदवही तिथेच दोरीला बांधलेली असते. सकाळ-संध्याकाळच्या दोन नोंदी रविवारी आणि दिवाळीतही आहेत का, ते बघावे, आणि त्या कोणाच्या अक्षरात आहेत तेही. मागच्या वर्षांच्या वह्या भांडाराच्या कपाटात असतात. कपाटाची किल्ली शिपाईमामांकडे आहे. ते लसीचे डबे घेऊन गाडीबरोबर गेले असतील, तर दुपारी दोनपर्यंत थांबावे लागेल.

कळावे.